काठ लपवलेले लुगडे

शनिवार पेठेत मी गेली कित्येक वर्षे राहते. माझ्या खोलीच्या खिडकीतून शनिवारवाडा दिसत नाही, पण तो पाहायला निघालेली माणसे दिसतात. अलीकडे या माणसांत एक नवा मेळा भर घालू लागला आहे. गुढीपाडवा जवळ आला, की नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या, डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेल्या मुली दुचाकीवरून वाड्याकडे जातात आणि दिल्ली दरवाजासमोर उभ्या राहून छायाचित्रे काढून घेतात. 'नेसलेल्या' हा शब्द मी सवयीने वापरला. ती नऊवारी बहुधा शिवलेली असते. पायजम्यासारखी पायांत चढवायची, नाडी आवळायची, की काम झाले. दिवसाच्या भाड्याने ती मिळते. मुली हौसेने मिरवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हौस करण्याचा हक्क आमच्या आयांना नव्हता, म्हणून तो कुणालाच नसावा असे म्हणण्याइतकी मी कडवट झालेली नाही.

परंतु मागे पेठेतल्याच एका सभागृहात जुन्या लुगड्यांचे प्रदर्शन भरले होते, ते पाहायला मी गेले आणि तेथून हा लेख सुरू झाला. पैठणी होती, चंद्रकळा होती, नारायणपेठी, इरकली, महेश्वरी अशी एकाहून एक सुरेख वस्त्रे दांड्यांवर पसरून ठेवली होती. वर फलक होता, 'मराठी स्त्रीचा पारंपरिक पोशाख'. व्यवस्था पाहणाऱ्या बाई सुशिक्षित, अगत्यशील होत्या. मी त्यांना विचारले, "यात महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं लुगडं कुठे आहे?" त्या क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "अहो ताई, त्यात दाखवण्यासारखं काय असणार? साधं जाडंभरडं असायचं ते."

बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला महत्त्वाचे वाटते. दुष्टाव्याने बोललेल्या वाक्याला उत्तर देता येते. निरागसपणे बोललेल्या वाक्यात अख्खी संस्कृती बोलत असते. आमच्या लुगड्यात दाखवण्यासारखे काही नव्हते हे खरेच आहे. पण का नव्हते? दाखवायचे नाही, असा दंडकच होता म्हणून.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. या आत्मकथनावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. भूक, अंगात येणे, सासुरवास, बाबासाहेबांच्या चळवळीने आलेली जाग या गोष्टींची चर्चा झाली. त्यातील एका तपशिलाकडे मात्र समीक्षकांनी समाजशास्त्रीय माहिती म्हणून पाहिले आणि ते पुढे गेले. बेबीताई सांगतात, की महाराच्या बाईने लुगडे नेसताना त्याचे काठ निऱ्यांच्या आत दडतील असे नेसावे लागे. काठ दिसतील असे नेसण्याचा मान वरच्या जातीच्या बाईचा.

हा तपशील वाचून मी पुस्तक मिटले होते. कारण माझी आजी असेच नेसत असे आणि मला वाटे, ही तिची लकब आहे. आजी माण तालुक्यातली. पाऊस नाही, पाणी नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे, अशी तिची हयात गेली. तिला एक लुगडे अंगावर आणि एक दांडीवर असे दिवस फार उशिरा आले. त्याआधी एकच असे. ओढ्यावर जायचे, अर्धे नेसून अर्धे धुवायचे, ते वाळले की उरलेले अर्धे. मधोमध विरले, की ते उभे फाडून चांगल्या कडा मध्ये घेऊन दंड घालायचा. दंड घातलेले लुगडे म्हणजे दोन फाटक्यांचे एक धड. या सगळ्यात काठ म्हणजे काय उरणार? तरी जो काही दोन बोटांचा लाल काठ होता, तो ती आत घालायची. मी लहानपणी विचारले होते, "आजे, काठ बाहेर का न्हाई काढत?" ती म्हणाली होती, "मळतो बाई." ती खोटे बोलत होती, की तिलाही कारण ठाऊक नव्हते, हे मला आता कळायचे नाही. दंडक तीन पिढ्या चालला, की त्याची सवय होते, आणि माणसे सवयीला आपले कारण चिकटवतात.

आपण येथे थांबून विचार केला पाहिजे. कापड तेच. विणणारा तोच कोष्टी, साळी. बाजारात पैसे मोजून घेतले तर काठ असलेलेच लुगडे मिळणार. म्हणजे व्यवस्थेने बाईला काठ विकत घेऊ दिला, अंगावर वागवू दिला, पण दिसू दिला नाही. गरिबीने हे घडत नाही. गरिबी काठाचे लुगडे घेऊच देत नाही. घेतलेला काठ लपवायला लावते ती जात. "साधं जाडंभरडं" म्हणून बाईंनी जे वर्णन केले ते गरिबीचे होते, आणि मी विचारला होता तो प्रश्न जातीचा होता. आमच्याविषयी बोलताना या दोहोंची अदलाबदल नेहमीच होत आली आहे.

या दंडकाचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, एकावन्नाव्या श्लोकापासून पुढे, चांडाळांची राहणी सांगितली आहे. त्यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत खावे, मृतांची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत. हे केवळ पोथीत राहिले असते तर आपण त्यावर शाई खर्च केली नसती. पण प्रेतावरचे कापड हा आमच्या माणसांचा 'हक्क' म्हणून गावगाड्यात चालत आला. हक्क! मेलेल्याच्या अंगावरचे काढून जित्याच्या अंगावर घालायचे, आणि त्याला हक्क म्हणायचे. दलित आत्मकथनांतून मढ्यावरच्या कापडाचे उल्लेख येतात तेव्हा पांढरपेशा वाचक शहारतो आणि त्याला लेखकाचे भडक चित्रण समजतो. त्याने दहावा अध्याय काढून पाहावा. भडकपणा लेखकाचा नाही.

आता पेशवाईच्या पुण्याकडे पाहू. ज्या वाड्यासमोर पाडव्याला छायाचित्रे निघतात, तो १७३० साली बांधायला घेतला गेला आणि १८२८ च्या आगीत जळाला. त्या काळच्या पुण्यात पोशाख ही हौसेची बाब नव्हती, राज्यकारभाराची बाब होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात सोनारांचे उदाहरण दिले आहे. सोनार मंडळी स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून निऱ्यांचे धोतर नेसू लागली आणि भेटताना 'नमस्कार' म्हणू लागली. निऱ्या आणि नमस्कार दोन्ही ब्राह्मणांची मिरास. पेशव्यांच्या सत्तेने हा प्रयत्न मोडून काढला. इतकेच नव्हे, तर मुंबईतील कंपनी सरकारकडूनही सोनारांविरुद्ध मनाईहुकूम मिळवण्यात आला. सोनार म्हणजे काही अस्पृश्य नव्हेत. चार पैसे बाळगून असलेली, सोन्यात हात असलेली जात. तिच्या धोतराच्या निऱ्यांवर जर सरकारी नजर असेल, तर महाराच्या बाईच्या काठावर गावाची नजर होती याचे नवल कशाला?

आणि त्याच निबंधात त्याच पुण्यातल्या आमच्या माणसाचा पोशाखही सांगितला आहे. मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा, कमरेला झाडू, गळ्यात मडके. मी कधी कधी विचार करते, 'पेशवेकालीन वेशभूषा' या विषयावर जी सचित्र पुस्तके निघतात त्यांत पगडी, अंगरखा, उपरणे, शालू, शेला हे सारे असते. हा पोशाख का नसतो? तोही शहराच्या रस्त्यावर रोज दिसणारा पोशाख होता. त्याचीही एक घडण होती. मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहून पेशवाईतल्या मांगमहारांच्या हालांना वाचा फोडली. ती शिकली ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत. त्या शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंवर शेणमाती फेकली जाई आणि म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे सोबत नेत, ही आठवण सर्वांना ठाऊक आहे. शाळेत पोचल्यावर मळलेले बदलायचे, शिकवायचे, परतताना पुन्हा मळलेलेच नेसायचे. मराठी लुगड्याच्या इतिहासात या दोन लुगड्यांची जागा कोणत्याही पैठणीहून वरची आहे. पण प्रदर्शनात ती कशी मांडणार? एकावर शेण आहे.

या पेठांतील जुन्या वाड्यांत लुगड्याचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो ब्राह्मण स्त्रीचाच आहे. सोवळ्याचे लुगडे उंच दांडीवर वाळत घालायचे ते लांब काठीने. हाताचा स्पर्श झाला की ते ओवळे. मी पहिल्यांदा या पेठेत राहायला आले तेव्हा एका वाड्यात अशी काठी मी स्वतः पाहिली आहे. काठी पाहून मला हसू आले होते आणि मग आले नाही. माणसाला शिवायचे नाही हे मी जन्मापासून जाणून होते. कापडालाही शिवता येत नाही हे तेथे कळले. सुती पारोसे, रेशमी सोवळे, लोकरीला चालते, अशी कापडाचीही वर्णव्यवस्था होती. त्या काठीच्या टोकाला जे लुगडे लटकत असे त्यात नेसणारी बाईही लटकलेली होती. नवरा मेला, की तिची चंद्रकळा जाऊन आलवण येई, डोक्यावर वस्तरा फिरे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना संघटित करून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार करवला, तो ज्यांच्यासाठी करवला त्या स्त्रिया प्रामुख्याने याच वर्गातल्या होत्या. तेव्हा नऊवारीचे वैभव गाणाऱ्यांनी आलवणाचेही एक लुगडे दांडीवर लावायला हरकत नव्हती. तेही नऊ वारच असे.

प्रदर्शनाच्या निमित्ताने एक भाषण झाले. वक्त्यांनी व्हिएतनामचा दाखला दिला. त्या देशातील स्त्रियांनी 'आओ झाय' हा आपला लांब अंगरखा आणि विजार राष्ट्रीय पोशाख म्हणून अभिमानाने जपला आहे, तसा आपण नऊवारीचा अभिमान धरावा, असा त्यांचा आशय होता. दाखला उत्तम आहे, पण वक्त्यांना हवा होता त्या बाजूने तो पडत नाही. आओ झायचा पूर्वज हा पाच पट्ट्यांचा दरबारी अंगरखा. उत्तरेकडील खेड्यांतल्या कष्टकरी बाया चार पट्ट्यांचा, समोर गाठ मारलेला अंगरखा आणि घागऱ्यासारखे वस्त्र वापरीत, भातखाचरात उतरायला तेच सोयीचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिन्ह मांग या राजाने ते वस्त्र बंद करून विजारीची सक्ती केली. खेड्यातल्या लोकांनी या फर्मानाची लोकगीतांतून टर उडवली. पुढे १९३० नंतर हनोईतील कात तुओंग या चित्रकाराने दरबारी अंगरख्याला फ्रेंच धर्तीची घट्ट बेतणी दिली आणि शहरी स्त्रियांत ती पसरली. १९७५ नंतर काही वर्षे हा पोशाख ऐषआरामी म्हणून मागे पडला, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुन्हा मानाने परतला. आज शाळकरी मुली तो पांढऱ्या रंगात गणवेश म्हणून घालतात. म्हणजे तेथेही राष्ट्राचा पोशाख ठरला तो दरबाराचा, चिखलात उतरणाऱ्या बाईचा नव्हे. दोन्हीकडे हे सारखे आहे. फरक इतकाच, की तेथे राजाने खालच्यांना वरच्यांसारखे नेसा म्हणून फर्मान काढले आणि येथे वरच्यांसारखे नेसाल तर खबरदार, म्हणून. सक्ती तेथेही होतीच. पण सारखे दिसण्याचीच मनाई करणे, ही खास आपल्या देशाची अक्कल.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून त्रावणकोरकडे पाहावे. तेथील शाणार, म्हणजे नाडर, स्त्रियांना ऊर झाकण्याची बंदी होती. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ साली राजाने जाहीरनामा काढून परवानगी दिली, पण अट घातली, की वरच्या जातीच्या स्त्रियांप्रमाणे झाकू नये. अंग झाकण्याला विरोध शेवटी सुटला. तसेच झाकण्याला सुटला नाही. माझ्या आजीचा लाल काठ आणि त्रावणकोरच्या बाईचे उपरणे यांची गाठ येथे पडते.

आता महाड. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. मुलींना शाळेत घाला, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजवू नका, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, मुलाला जेवायला वाढू नका, असे त्यांनी सांगितले. आणि त्याबरोबर लुगडे कसे नेसावे हेही सांगितले. गुडघ्यापर्यंतचे नेसणे सोडा, सवर्ण बाया नेसतात तसे नेसा, गळाभर आणि हातभर कथलाचे, चांदीचे जड दागिने घालणे सोडा, कारण या खुणांनी तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता. कपडे फाटके असले तरी स्वच्छ असावेत. परिषदेहून परतताना बायांनी लुगडी घोट्यापर्यंत नेसली होती. ते नेसणे शिकवायला टिपणीस आणि चित्रे या कायस्थ घरांतील स्त्रिया पुढे आल्या होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या पुस्तकामुळे चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी आपल्या हाती आल्या, हे आपल्यावरचे मोठे ऋण आहे.

आपले अभ्यासक या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत लिहितात. दहन हे क्रांतीच्या प्रकरणात आणि लुगडे हे 'स्त्रियांना उपदेश' या प्रकरणात. मला हे विभाजन चुकीचे वाटते. दहाव्या अध्यायातील ते श्लोक पुन्हा पाहा. मृतांची वस्त्रे, लोखंडाचे दागिने. बाबासाहेबांनी स्त्रियांना सोडायला सांगितले ते काय? ओळख पटवणारे नेसणे आणि ओळख पटवणारे हलक्या धातूचे दागिने. कागदावरची मनुस्मृती चितेवर जळाली, आणि बायकांच्या अंगावर लिहिलेली मनुस्मृती बायकांनी स्वतःच्या हाताने उतरवली. हे दुसरे दहन आहे. फरक इतकाच, की पहिल्याला धूर झाला म्हणून ते दिसले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो शहाण्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, हे तर अनुकरण झाले. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ सालच्या कूर्गविषयक ग्रंथात 'संस्कृतीकरण' ही संज्ञा रूढ केल्यापासून आमचे प्रत्येक पाऊल त्या डब्यात टाकण्याची सोय झाली आहे. पण अनुकरण करणारा समोरच्याची पायरी मान्य करतो आणि तिच्यावर चढू पाहतो. सोनारांचे तसे होते. त्यांना ब्राह्मण व्हायचे होते. महाडच्या बायांना ब्राह्मण व्हायचे नव्हते. ज्या मांडवात वर्णव्यवस्थेचा ग्रंथ जाळला त्याच मांडवात त्या नेसणे बदलत होत्या. त्यांना ओळखू येईनासे व्हायचे होते. शत्रूच्या हातातली यादी फाडणे आणि त्या यादीत वरचा क्रमांक मागणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

असे असले, तरी आपल्या माणसांनाही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो मी येथेच विचारते. गुडघ्यापर्यंतचे नेसणे ही केवळ अस्पृश्यतेची खूण नव्हती. ते कामाचे नेसणे होते. कोकणात कुणब्यांच्या बायाही तसेच नेसत, कोळणींचे नेसणेही आखूड. चिखलात, रानात, वीटभट्टीवर घोळदार लुगडे चालत नाही. आजकाल नऊवारीविषयी एक गोष्ट मोठ्या चवीने सांगतात, की मराठी बायका घोड्यावर बसून लढत, म्हणून कासोटा आला. घोड्यावर किती बसल्या असतील? खुरपणीला किती बसल्या? कासोटा आणि वर खोचलेला घोळ हे श्रमाचे शास्त्र आहे, आणि ते घडवणाऱ्या बायका आमच्या होत्या, कुणब्यांच्या होत्या, धनगरांच्या होत्या. महाडनंतर आमच्यात घोट्यापर्यंतचे नेसणे प्रतिष्ठेचे झाले ते योग्यच झाले. पण त्याबरोबर कामकरी आईच्या उघड्या पोटऱ्यांची लाज शिकलेल्या मुलाला वाटू लागली, हेही झाले. मुलगा सुटाबुटात आला तेव्हा त्याने कुणाची नक्कल केली असे कुणी विचारले नाही. समाजाच्या इभ्रतीचे मोजमाप मात्र बाईच्या लुगड्याच्या लांबीवर होऊ लागले. बाबासाहेबांनी खूण पुसायला सांगितली होती, श्रमाची लाज बाळगायला नव्हे. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी या दोहोंत गल्लत केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

तमाशाच्या फडावरील नऊवारीबद्दल थोडे. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' चित्रपट आला आणि त्यातील काशीबाई आणि मस्तानी यांच्या 'पिंगा' नाचावरून पुण्यात वादळ उठले. पेशव्यांच्या घरच्या स्त्रीला असे लुगडे नेसवून असे नाचवले, हा आक्षेप होता. इतिहासाचा विपर्यास झाला असेल तर आक्षेप रास्तच आहे. परंतु आक्षेपाच्या भाषेत 'लावणीवालीसारखे' हा शब्दप्रयोग सर्रास होत होता, तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. लावणीवाली म्हणजे कोण? कोल्हाट्याची, महाराची, मांगाची लेक. उत्तर पेशवाईत लावणीला आश्रय देणारे कोण होते आणि वाड्यात अन्नवस्त्रावर राबणाऱ्या कुणबिणी कोण होत्या, हे विचारायची ती वेळ नव्हती म्हणे. पवळाबाई हिवरगावकर ही महार समाजातली नर्तकी आणि श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव यांची जोडी तमाशाच्या इतिहासात गाजली. बापूरावांच्या त्यागाच्या कथा आपण ऐकतो, जात सोडली, जानवे सोडले. पवळाबाईने काय नेसले, काय सोडले, याची कथा सांगणारा कुणी नाही. तेच नऊ वार पेशवीणबाईंच्या अंगावर संस्कृती असतात आणि पवळाबाईच्या अंगावर करमणूक.

आमच्या लुगड्याच्या कथेला १९५६ साली एक अनपेक्षित वळण मिळाले. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा शुभ्र वस्त्रे हवी होती. बायका पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या नेसून आल्या. पांढरे म्हणजे हिंदू घरात शोकाचे, विधवेचे. आज बौद्ध विवाहात आमची नवरी पांढरी साडी नेसते. माझ्या लग्नात मी नेसले तेव्हा शेजारच्या एका वृद्ध बाई कळवळून म्हणाल्या होत्या, "अगं, शुभकार्याला पांढरं?" त्यांना समजावून सांगणे मला त्या दिवशी जमले नाही. रंगाचा अर्थ कापडात नसतो, तो सांगणाऱ्याच्या सत्तेत असतो. आमच्या माणसांनी एका दिवसात एका रंगाचा अर्थ फिरवला, ही मराठी वस्त्रसंस्कृतीतली शतकातली मोठी घटना. तिच्यावर एकही प्रदर्शन अद्याप माझ्या पाहण्यात नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जावे, ते तेथे दरवर्षी भरलेलेच असते.

आजीने दीक्षेनंतर पांढरे लुगडे घेतले होते. निळ्या काठाचे. ते मात्र ती काठ बाहेर काढून नेसायची, आणि ते मळत असे, कारण पांढऱ्यावर माणची माती लगेच दिसते. मग ती रात्री धुवायची.

त्या प्रदर्शनाच्या बाई मला नंतर रस्त्यात भेटल्या. माझा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला होता. म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमच्या आजींचं एखादं लुगडं मिळालं तर आम्ही लावू. जसं असेल तसं." मी घरी जाऊन शोधले. पांढरे आजीबरोबर गेले. दंड घातलेल्या हिरव्या लुगड्याची आईने गोधडी शिवली होती. ती माझ्याकडे आहे, मी थंडीत पांघरते. एका कोपऱ्याची शिवण उसवून पाहिली. लाल काठ आतच आहे. गोधडी द्यायची की नाही हे मी अजून त्यांना कळवलेले नाही. दिली, तर फलकावर काय लिहायचे ते मी लिहून देणार, एवढी अट मात्र घालणार आहे.